खवट

आजीकडे एकच शब्द दोन ठिकाणी चालायचा. डब्यातलं तूप बिघडलं की ते खवट, आणि पलीकडच्या आळीतली तिची एक जुनी मैत्रीण, जिच्याशी तिचं चाळीस वर्षांत सलग चार दिवस पटलं नव्हतं, तीही खवट. "आधी बरी होती गं, मग वारं लागलं," असं ती दोघांबद्दलही म्हणायची. पुढे एमएस्सीला वारं लागणं म्हणजे काय ते रसायनशास्त्राच्या भाषेत शिकवलं गेलं. तेव्हा फार नवीन काही कानावर पडतंय असं वाटलं नाही.

आमचं घर हरिपूरचं. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर. आजीचं माहेर मिरज तालुक्यातलं नरवाड, म्हणजे पानमळ्यांचा मुलूख. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या पानवेली, आत गेलं की भर उन्हाळ्यातही ओलसर गारवा आणि हिरवा अंधार. आजीचा भाऊ आठवडा-पंधरवड्याला एसटीने यायचा तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानांची चवड आणायचा. त्यातली बरीचशी आजोबांच्या चंचीत जायची, काही देवाला, आणि एक-दोन आजी तुपासाठी बाजूला काढून ठेवायची.

तूप कढवणं हा आमच्याकडे कानाने करायचा उद्योग होता. लोणी पातेल्यात घातलं की आधी फेस, मग कडकड असा मोठा आवाज. आजी पातेल्याकडे पाठ करून भाजी निवडत बसलेली असायची. आवाज बारीक झाला, पाऊस ओसरताना पत्र्यावर होतो तसा झाला, की ती उठायची. फेसाखाली तूप सोनेरी दिसायला लागलेलं, तळाला बेरी तांबूस. मग पान. पान धुऊन, पदराला दोन्ही बाजूंनी कोरडं पुसून घ्यायचं, कारण पाण्याचा एक थेंब राहिला तरी तूप अंगावर उडतं. तुपात पडलं की ते चर्र करून आकसायचं, कडा वळायच्या, फिकट हिरवं पान क्षणात काळपट हिरवं आणि काचेसारखं कडक व्हायचं. घरभर जो वास सुटायचा तो नुसत्या तुपाचाही नाही आणि नुसत्या पानाचाही नाही. ते तळलेलं पान कुणी खायचं यावरून आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. हरलेल्याला बेरी आणि साखर.

"पान कशाला घालतेस?" असं मी एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, "वास येतोय. आन टिकतंय बी." याच क्रमाने.

आजोबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या कायम पिवळट. त्या दुकानाची पेवं आमच्या गावात होती. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जमिनीत वीसेक फूट खोल खणलेला, रांजणासारखा पोटाला फुगीर आणि तोंडाला अरुंद असा खड्डा. हरिपूरची माती त्यासाठी नावाजलेली, पाझर न धरणारी, भिंत न ढासळणारी. आतून पाला-गवताचं अस्तर, मग हळद, मग तोंडावर दगड आणि त्यावर माती थापून बंद. आत हळद वर्षानुवर्षं राहायची. भुंगा लागायचा नाही, रंग उतरायचा नाही. भाव आला की पेव फोडायचं.

फोडायचं, पण लगेच उतरायचं नाही. तोंड काही तास उघडं ठेवायचं आणि मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर आत जीव नाही, अजून थांबा. आजोबा हे सांगताना आवाज खाली आणायचे. पेव फोडताना घाई केलेली आणि वर न आलेली माणसं त्यांना ठाऊक होती. बंद पेवात हळदीचे कंद, ओलसर माती, त्यातले बारीक जीव असे सगळे मिळून आतला ऑक्सिजन हळूहळू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड तेवढा उरतो. मग किडाही जगत नाही, बुरशीही नाही आणि हमालही नाही. ज्या वाऱ्यावर माणूस जगतो त्याच वाऱ्याने माल बिघडतो, हा सगळा धडा त्या कंदिलात होता. आम्हाला तो गोष्ट म्हणून मिळाला. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, बरीच ढासळली, आणि त्यानंतर हळद हळूहळू गोदामांत आणि शीतगृहांत गेली. "पेव फुटणे" हा वाक्प्रचार वर्तमानपत्रवाले वापरतात तेव्हा मला अजूनही आधी हळदीचा वास येतो.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली. ते दिवस वनस्पतींच्या अर्काचे होते. आमच्या बॅचमध्ये कुणी अडुळसा घेतला, कुणी गुळवेल, कुणी शेवग्याचा पाला. सगळ्यांच्या प्रोजेक्टचं नाव जवळजवळ एकच, फक्त वनस्पतीचं लॅटिन नाव वेगळं: अमुक पानांच्या मिथेनॉल अर्काचे अँटिऑक्सिडंट गुणधर्म. हे प्रकरण इतकं लोकप्रिय का, तर स्वस्त आहे, महिन्याभरात होतं, आणि उत्तर जवळजवळ नेहमीच "हो, आहेत" असं येतं. हे मी आज म्हणतेय. तेव्हा मला वाटत होतं की मी आजीच्या तुपातलं पान जगाला दाखवणार आहे.

नरवाडहून पानं आणली, माळ्यावर सावलीत वाळवली, मिक्सरला दळली. हिरवट-करडी पूड कागदाच्या जाड पुंगळीत भरून सॉक्सलेटमध्ये ठेवली. सॉक्सलेट हे यंत्र पाहण्यासारखं असतं. खाली चंबूत मिथेनॉल उकळतंय, वाफ वर जातेय, थंड होऊन थेंब थेंब पुडीवर पडतंय, भांडं भरत आलं की बाजूच्या वाकड्या नळीतून सगळं एकदम गुडुप करून खाली. पुन्हा पहिल्यापासून. फ्रांझ फॉन सॉक्सलेट या जर्मन माणसाने 1879 मध्ये ते दुधातली चरबी मोजण्यासाठी तयार केलं होतं. म्हणजे मूळचं आजीच्याच खात्यातलं. मी तासन्‌तास त्याच्यासमोर बसायची. प्रत्येक फेरीला मिथेनॉल थोडं कमी हिरवं होऊन यायचं आणि पुडीतून पान हळूहळू निघून जायचं.

मग चाचणी. डीपीपीएच नावाचं एक रसायन असतं, मिथेनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं, पिकल्या जांभळाने जीभ होते तसं. त्यात अर्क घालायचा, अंधारात अर्धा तास ठेवायचं. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरत उतरत पिवळा होतो. किती उतरला ते 517 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचं. ब्लॉइस नावाच्या संशोधकाने 1958 साली सुचवलेली ही पद्धत आजही जगभरच्या प्रयोगशाळांत रोज चालते.

रंग का उतरतो ते सांगायला मला पंगत लागते. जिलेबीची पंगत आहे. एकाच्या पानात जिलेबी नाही आणि तो हावरा आहे. त्याने शेजाऱ्याची उचलली. आता शेजाऱ्याच्या पानात नाही, त्याने पुढच्याची उचलली. अशी लूट पंगतभर सरकत जाते. तेला-तुपात हेच होतं. स्निग्धाम्लांच्या लांब साखळ्यांतून एकदा कुठे हायड्रोजन निखळला की तिथे ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि तो नवा हावरा शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढतो. शेवटी साखळ्या तुटतात, त्यांचे बारीक, उडून जाणारे तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांना जो वास असतो त्याला आपण खवट म्हणतो. आता या पंगतीत एक मधुमेही पाहुणा बसलेला आहे असं समजा. शेजाऱ्याने त्याची जिलेबी उचलली तर तो म्हणतो, घ्या, मला तशीही चालत नाही. आणि तो पुढच्या कुणाची उचलत नाही. लूट तिथेच थांबते. विड्याच्या पानातले युजेनॉल, हायड्रॉक्सीचॅविकॉल ही फेनॉल वर्गातली मंडळी म्हणजे हे मधुमेही पाहुणे. हळदीतलं कर्क्युमिन, आवळ्यातलं टॅनिन, चहातलं कॅटेचिन, सगळे याच गोतावळ्यातले, आणि या गोतावळ्यालाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. डीपीपीएच हाही एक हावराच, त्याला जिलेबी मिळाली की त्याचा जांभळा रंग उतरतो.

पण पानाला आपल्या तुपाचं किंवा आपल्या म्हातारपणाचं काय पडलंय? पान दिवसभर उन्हात बसून स्वतःच ऑक्सिजन तयार करतं. भात्यासमोर बसलेल्या लोहाराने अंगावर कातडं पांघरावं तशी ती फेनॉलं त्याने स्वतःसाठी राखलेली. शिवाय अळीला कडू लागावं, बुरशीने वाट बदलावी हाही हिशेब. आपण त्याच्या चिलखताला औषध म्हणतो.

तर माझ्या पानाने रंग उतरवला, आणि असा उतरवला की तुलनेसाठी ठेवलेल्या व्हिटॅमिन सीपेक्षाही भारी. मी तीनदा आकडे पाहिले. मार्गदर्शकांना दाखवले. त्याच आठवड्यात विद्यापीठ पातळीवरची पोस्टर स्पर्धा होती. भगव्या अक्षरांत "व्हिटॅमिन सीपेक्षा प्रभावी" असं लिहून, पानाचा मोठा फोटो टाकून मी पोस्टर छापलं. दुसरा नंबर आला.

पुढच्या सोमवारी लॅब असिस्टंट काका काचसामान धुवायला घेत होते. एक बाटली उचलून म्हणाले, "मॅडम, हे व्हिटॅमिन सी कधीचं?" खिडकीत, उन्हाच्या तिरपेत, साध्या पांढऱ्या काचेच्या बाटलीत. द्रावण किंचित पिवळसर झालेलं. व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळवून ठेवलं की स्वतःच हवेशी झटापट करत संपत जातं. ते ताजं करायचं असतं, रोज. मी आदल्या शुक्रवारचं वापरलं होतं. म्हणजे पानाने शर्यत जिंकली ती अर्धमेल्या घोड्याशी. ताजं करून पुन्हा मोजलं. व्हिटॅमिन सी सहज पुढे, माझं पान बरंच मागे. वाईट नाही, पण मागे.

"पोस्टर होऊन गेलंय आता," असं मला सांगण्यात आलं, "प्रबंधात नीट लिही." मी प्रबंधात नीट लिहिलं. प्रबंध कपाटात गेला. पोस्टर घरी आलं आणि आजोबांनी ते सोप्यात लावलं.

इथे मला थोडं थांबून आजोबांच्या तोंडाबद्दल लिहावं लागेल. ते दिवसाला दहा-बारा विडे खायचे. पान, चुना, कात, सुपारी, आणि जेवणानंतरच्या विड्यात तंबाखू. त्या वर्षी त्यांना तिखट लागेनासं झालं होतं, आमटीच्या घासाला डोळ्यांत पाणी यायचं. तोंड पूर्वीसारखं उघडत नव्हतं. मिरजेला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. गालाच्या आतली त्वचा चामड्यासारखी ताठ होत चालली होती. सुपारी बंद, अगदी बंद, असं त्यांनी बजावलं.

घरी आल्यावर आजोबांनी पोस्टरकडे बोट केलं. "ही आमची नात. कॉलेजात शिद्ध केलंय तिनं. पान औषधी असतंय." डॉक्टर सुपारी म्हणाले होते, पान नाही, हेही त्यांनी बरोब्बर धरून ठेवलं. सुपारी कमी केली म्हणाले. चंची तीच राहिली.

मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी वाचत बसले, आणि वाचलं त्याने आणखी तोंड बंद झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच सुपारीला, आणि तंबाखू नसलेल्या विड्यालाही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं होतं. आणि कारणांतलं एक कारण माझ्याच विषयातलं निघालं. सुपारीत आणि कातात फेनॉलं भरपूर आहेत. परीक्षानळीत टाकली तर जांभळा रंग झटकन उतरवतील, माझ्या पानापेक्षा कदाचित लवकर. पण विड्यात चुना असतो. चुन्याने तोंडातला मामला अल्कधर्मी होतो, आणि त्या वातावरणात हीच फेनॉलं उलटतात. जे हायड्रोजन देऊन लूट थांबवतात तेच हवेतल्या ऑक्सिजनला चिथावून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही त्याची हावरी रूपं तयार करायला लागतात, गालाच्या आत, दिवसातून दहा-बारा वेळा. मधुमेही पाहुणाच पंगत लुटायला उठतो. घरात चुन्याचा हा गुण आम्ही रोज पाहत होतो. हळदीला चुना लागला की ती लालभडक होते, कुंकू त्यातूनच होतं. एकच पदार्थ, शेजार बदलला की रंग बदलतो. हे डोळ्यासमोर असून मी एका नळीतल्या एका रंगावरून भगव्या अक्षरांत लिहिलं होतं.

आजीला मात्र मी सगळं सांगितलं, व्हिटॅमिन सीच्या बाटलीसकट. तिला हसू आलं. "म्हंजे नासक्या दुधाशी ताक तोललंस व्हय." मग म्हणाली, "तुपाचं बघ की. तुपात तरी खरं हाय का बघ."

ते मी केलं, आणि माझ्या सगळ्या शिक्षणात मी तेवढं एकच काम मनापासून केलं असं आता वाटतं. एकाच लोण्याचं तूप दोन पातेल्यांत कढवलं, एकात पान, एकात नाही. दोन सारख्या बाटल्या भरल्या आणि कॉलेजच्या ओव्हनमध्ये साठ अंशांना ठेवल्या, कारण घरात ज्याला महिने लागतात ते तिथे दिवसांत दिसतं. ठरावीक दिवसांनी थोडं थोडं काढून आयोडीनची चाचणी करायची. तुपात जितकी पेरॉक्साइडं, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेल्या साखळ्या, झाली असतील तितकं आयोडीन सुटतं, त्यात स्टार्च टाकलं की निळं होतं, आणि मग ब्युरेटमधून थायोसल्फेटचे थेंब सोडत तो निळा घालवायचा. शेवटच्या थेंबाला निळा रंग असा जातो की पापणी लवली तर चुकतो.

दर वेळी मी दोन लहान वाट्यांत नमुना घरी न्यायची, खूण फक्त माझ्यापुरती करून. आजी डोळे मिटून एक वाटी नाकाशी धरायची, मग दुसरी. पहिले काही दिवस म्हणाली, दोन्ही बरी. मग एका संध्याकाळी एक वाटी तिने झटक्याने खाली ठेवली. "ह्येला वारं लागलं." बिनपानाची होती. माझ्या ब्युरेटमध्ये त्या दिवशी दोन्हींत फारसा फरक दिसला नव्हता. तो पुढच्या वेळेला दिसला, आणि मग वाढतच गेला. "नाकानं कळतंय की गं, कॉलेजात नाकं न्हाईत व्हय?" पानाचं तूपही अखेर खवट झालं, पण बरंच मागाहून. दुग्धशास्त्राच्या संशोधकांनी विड्याचं पान आणि कढीपत्ता तुपात घालून हेच पाहिलं आहे, हे मला नंतर वाचनात आलं. बेरीही तुपाला टिकवते म्हणतात. ज्या बेरीवर आम्हा हरलेल्यांची बोळवण व्हायची तीच.

त्या दोन बाटल्यांनी मला एक गोष्ट समजली, ती अशी की परीक्षानळी आणि बरणी या सख्ख्या बहिणी आहेत. बाहेरून काही आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही, मध्ये यकृत नाही, मूत्रपिंड नाही, कुणी ताप येऊन पडत नाही. पान टाकलं ते तिथेच राहतं आणि आपलं काम करतं. लोणच्यातली हळद, मेथी, मोहरी, मसाल्यातली लवंग, तुपातलं पान, सगळीकडे हे खरं आहे. आजीच्या पिढीने अँटिऑक्सिडंट शब्द न ऐकता त्यांचा उपयोग केला तो नेमका इथे, डब्यात आणि बरणीत.

माणसाचं तसं नाही. खाल्लेली फेनॉलं आतड्यातून थोडीशीच आत जातात, आणि गेली तरी यकृत त्यांना परकं समजून शिक्का मारतं आणि मूत्रावाटे बाहेर काढतं. माझ्या नळीत जेवढा अर्क होता त्याच्या पासंगालाही पुरेल इतका तो रक्तात कधी नसतो. शिवाय शरीराची स्वतःची राखण आहे. सुपरऑक्साइडला निकामी करणारं एक विकर आपल्या पेशीपेशीत असतं, ते मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 मध्ये ओळखलं. आणि सगळे हावरे शत्रूही नसतात. पांढऱ्या पेशी जंतू मारतात तेव्हा हेच पेरॉक्साइड त्यांच्या अंगावर फेकतात. माणसाला पेवात ठेवून टिकवता येत नाही, कंदील विझतो.

माणूसही तुपासारखाच हळूहळू खवट होत जातो, ही कल्पना तशी मोहक आहे. डेनहॅम हारमन यांनी 1956 मध्ये म्हातारपणाचा सिद्धांतच तसा मांडला, की मुक्त मूलकं, म्हणजे पंगतीतले हे हावरेच, पेशी झिजवतात. मग सरळ विचार असा की गोळी घ्या आणि झीज थांबवा. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हे तपासलं गेलं. गाजर-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून काहींना रोज 20 मिलीग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं, पाच ते आठ वर्षं. 1994 मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सोप्यात बसले होते, समोर पोस्टर, आणि आजोबा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. कमी केलेली.

ते 2016 मध्ये गेले, दम्याने. तोंड शेवटपर्यंत दोन बोटंच उघडलं. आजी भाकरी दुधात कुस्करून, अगदी लापशीसारखी करून द्यायची आणि करवादायची, आणि ते तिला खवट म्हणायचे. पोस्टर मी काढलं नाही. आज काढते, उद्या काढते, असं करत राहिलं. 2019 च्या पुरात घरात छातीएवढं पाणी आलं. उतरल्यावर चिखल काढताना भिंतीवर चार खिळे आणि एक भगवी चिंधी उरली होती.

आता सगळीकडे अँटिऑक्सिडंटचं पेव फुटलंय. क्रीममध्ये, बिस्किटात, ग्रीन टीमध्ये, रोज सकाळी येणाऱ्या निरोपांत. अमेरिकेच्या कृषी खात्याने एकेकाळी कुठल्या पदार्थाची नळीतली ताकद किती याची यादीच ठेवली होती. शरीरातल्या परिणामाशी त्या आकड्यांचा संबंध लागत नाही आणि कंपन्या ते जाहिरातीला वापरतात म्हणून 2012 मध्ये ती काढून टाकली. आकडे मात्र अजून फिरतायत. जत्रा उठल्यावरही पिपाण्या वाजत राहाव्यात तसे.

मध्यंतरी शेजारच्या वहिनींनी हळदीच्या कॅप्सूलची बाटली आणून दाखवली. भाऊंसाठी. भाऊंना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. बाटलीवर मिरीचं सत्त्व घातल्याचं ठळक लिहिलं होतं. सांगलीत राहून हळद बाटलीतून विकत घ्यायची, यावर आधी आम्ही दोघी हसलो. आमच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचे फलक अजून यार्डात असतील. मग मी वहिनींना मिरीचं सांगितलं. कर्क्युमिन नुसतं दोन ग्रॅम खाल्लं तरी रक्तात जवळजवळ सापडत नाही. 1998 मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी त्यासोबत 20 मिलीग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, देऊन पाहिलं तर ते रक्तात कितीतरी पटींनी उतरलं. जाहिरातीत एवढंच असतं. हे होतं कसं, तर पायपरिन यकृताच्या त्या शिक्का मारणाऱ्या पहारेकऱ्याला गुंगी देतं. पहारेकरी झोपला की हळद एकटीच आत जात नाही, भाऊंची इतर औषधंही जास्त उतरू शकतात. हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2022 मध्ये मांडली आहेत. कोविडच्या काळात गुळवेलीच्या काढ्यांनंतर काविळीने आजारी पडलेल्या रुग्णांबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये लिहिलं तेव्हा मोठा वाद झाला. आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असेल. असेलही. पण मग वेल ओळखता न येणारी माणसं ती रोज उकळून पीत होती, असाच त्याचा अर्थ.

"मग हळद खायचीच नाही का?" वहिनी जरा फुगल्या.

"आमटीत घाला की. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नका, एवढंच."

त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. मला आजोबांचा चेहरा आठवला. त्यांना सांगायचं ते वहिनींना सांगून झालं होतं.

काल लोणी कढवायला काढलं. पान संपलं होतं म्हणून कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर गेले. "एक पान द्या." त्याने सवयीने चुन्याच्या डबीत काडी बुडवली. "चुना नको," मी म्हटलं, "काहीच नको, नुसतं पान." त्याने माझ्याकडे पाहिलं, पानाचा देठ खुडला, पान मांडीवरच्या ओल्या फडक्याला पुसलं आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन ते पुन्हा कोरड्या फडक्याने पुसलं. आवाज बारीक झाला तसं सोडलं. चर्र झालं, कडा वळल्या. लेक गृहपाठ टाकून ओट्यापाशी येऊन उभी राहिली, हात पुढे करून. चिमट्याने पान काढून बशीत ठेवलं तर म्हणाली, "गरम आहे, फुंकर मार," आणि मी फुंकर मारायच्या आत तिने त्याचा देठाकडचा अर्धा तुकडा मोडून तोंडात टाकला होता.